सातारा : कंपनीला सायकलने जायचंय, दिवाळीत चिपळूणही गाठायचंय. काय घेऊ, काय टाळू?

शाहूपुरीचा_पाहुणा
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वय ४१, वजन ८२, शेवटची सायकल बारावीत चालवली. शाहूपुरीतून एमआयडीसीत कामाला जातो. राजवाडा, पोवई नाका, गोडोली असं धरलं तर एका बाजूने सात-आठ किलोमीटर. जाताना बराचसा उतार आणि येताना चढ, सातारकरांना सांगायला नको. अडचण एवढीच की एक आठवडा आड सेकंड शिफ्ट असते, रात्री ११ला सुटतो.

दुसरं म्हणजे दिवाळीत मी आणि मेव्हणा सातारा ते चिपळूण आणि जमलं तर पुढे गुहागर असं सायकलने जायचं म्हणतोय. कुंभार्ली घाट उतरून.

बजेट २५ हजार. त्यात सायकल, हेल्मेट, लाइट सगळं बसवायचंय. दुकानदार डिस्क ब्रेक, जाड टायर, पुढे शॉकअ‍ॅब्सॉर्बर असलेली २३ हजारांची एमटीबी (डोंगरी सायकल) गळ्यात मारतोय. घरच्यांचं म्हणणं, "रात्री हायवेच्या कडेला सायकल? त्यापेक्षा विमा काढ." अनुभवी लोकांनी खरं काय ते सांगावं.

चहाटळ
मेव्हण्याला सोबत नेताय म्हणजे विमा त्याच्या बहिणीच्या नावाने आहे का तेवढं बघा. (हलके घ्या.)

पेडलपंत
२३ हजारांची सायकल घेतलीत तर उरलेल्या दोन हजारांत हेल्मेट, लाइट, पंप, कुलूप, पंक्चर किट बसणार नाही. उलटं करा. आधी सात-आठ हजार बाजूला काढा आणि उरलेल्यात सायकल बघा.

पुढचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर तर नकोच. त्या किमतीतला शॉकअ‍ॅब्सॉर्बर म्हणजे दीड-दोन किलोची स्प्रिंग. यवतेश्वरच्या चढाला तुम्ही पायडल दाबणार आणि हँडल खालीवर डुलणार, काही ताकद तिथेच जिरते. पुढच्या चाकाचा दांडा (फोर्क) साधा, कडक असलेली हायब्रिड घ्या, म्हणजे एमटीबी आणि बारीक टायरच्या रेसरच्या मधली. टायर ७०० बाय ३५ च्या आसपास. कंपनीला बरी, टूरलाही बरी. मागे कॅरिअर बसवायला फ्रेमला भोकं आहेत का ते घ्यायच्या आधी वाकून बघा, बरेच जण नंतर डोक्याला हात लावतात.

पंक्चरसम्राट
पंतांशी सहमत. माझं दुकान आहे, कुठे ते सांगत नाही, नाहीतर जाहिरात म्हणाल. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "किती गिअर?" २१ ऐकलं की खूश, २४ ऐकलं की जास्त खूश. आकड्यात काही नाही. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते विचारा. पुढचं लहान चक्र २८ दात्यांचं आणि मागचं मोठं ३४ चं असेल तर पायडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण पावणेदोन मीटर पुढे जाते. आपल्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ नाहीतर ४८ आणि मागे १८, म्हणजे एका फेऱ्याला पाच मीटरच्या वर. म्हणून तर घाट आला की लोक उतरून ढकलायचे. ८२ किलो आणि वर सामान घेऊन जाणाऱ्याने हाच आकडा बघावा.

साइझ मात्र दुकानात उभं राहून बघा. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिल्यावर दांडी आणि जांघेच्या मध्ये दोन बोटं तरी जागा हवी. सीटवर बसून पायडल अगदी खाली नेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे, मग महिन्याने गुडघे धरून येतात आणि सायकलला शिव्या देतात.

माहुलीचे_मास्तर
मी निवृत्त शिक्षक. ३४ वर्षं संगम माहुलीहून साताऱ्यात शाळेला सायकलने आलो. गिअर नाही, हेल्मेट नाही, दोन हजारांचा दिवा नाही. एकदाही पडलो नाही. तुम्हा मुलांना सामान फार लागतं बुवा.

रात्री बत्ती नसली तर पोलीस चाकातली हवा सोडायचे, डबलसीट दिसलं तरी सोडायचे. नगरपालिकेचा सायकल कर भरून बिल्ला लावावा लागे, तो नसला तर आणखी वेगळं. मागच्या टायरला घासणारा डायनॅमो होता. चढाला वेग कमी झाला की दिवा मिणमिणायचा, थांबलं की बंद. तरी निभावलं. माझी अ‍ॅटलास अजून पडवीत आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तोही नेमका ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनाला. बातमी वाचून त्या दिवशी सायकल पुसून ठेवली.

रात्रंदिन
मास्तर, नमस्कार. पण तुमच्या त्या ३४ वर्षांत कोरेगाव रस्त्यावर चारचाकी किती होत्या आणि आज किती आहेत?

शिवाय तुम्हीच लिहिलंय की बत्ती नसली तर हवा सोडायचे. म्हणजे तेव्हाच्या पोलिसाला कळत होतं ते आज आपल्याला कळत नाही. आज रात्री राजपथावर उभे राहा आणि दिवा असलेल्या सायकली मोजा. एका हाताची बोटं पुरतील.

माहुलीचे_मास्तर
हा मुद्दा मान्य. हेल्मेटचा नाही.

बोनसेटर
हेल्मेटचा माझ्याकडून घ्या, रोज मोडलेली माणसं बघतो.

सायकलवरून पडणारा माणूस आधी हात पुढे टेकवतो, त्यामुळे मनगटं सगळ्यात जास्त येतात. ती जोडता येतात. डोक्याचं तसं नसतं. सायकलचं हेल्मेट म्हणजे आत थर्माकोलसारखा कडक फोम. तो चेपतो, फुटतो आणि धक्का स्वतः खातो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. आतल्या लेबलवर ईएन १०७८ हे मानक आहे का ते बघा. नुसत्या प्लॅस्टिकच्या टोप्याही हेल्मेट म्हणून विकल्या जातात.

आणि घालायचं कसं? भुवईच्या वर दोन बोटं. अर्धं सातारा कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं घालतं, टोपी घातल्यासारखं. पट्टे कानाच्या खाली जुळले पाहिजेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैलपणा. मोटारसायकलचं हेल्मेट घालून सायकल चालवू नका. घाटात उकडून काढून ठेवाल आणि नेमकं तेव्हाच पडाल.

मास्तर, ३४ वर्षं पडला नाहीत याचा आनंदच आहे. जे पडले ते इथे लिहायला येत नाहीत.

रात्रंदिन
आता मूळ प्रश्नातल्या रात्री अकराच्या शिफ्टबद्दल. माझ्या मते या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, सायकल कुठली हे नंतर.

मी ब्रेव्हे चालवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. शर्यत नसते, वेळेत पोचलात की झालं. साहजिकच रात्र रस्त्यावर जाते. तिथे हेल्मेट, पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट नसेल तर सुरुवातच करू देत नाहीत. तिथली शिस्त मी रोजच्या जाण्या-येण्यातही ठेवतो.

मागचा लाल दिवा दोन ठेवा. एक सीटखाली लुकलुकणारा, दुसरा कॅरिअरला स्थिर. नुसता लुकलुकणारा असला तर ट्रकवाल्याला काहीतरी आहे एवढं कळतं, पण किती लांब ते कळत नाही. स्थिर दिव्यावरून अंतराचा अंदाज येतो. आणि दोन असले की एकाचं चार्जिंग संपलं तरी दुसरा असतो. मागचा दिवा विझलेला तुम्हाला दिसत नाही, हीच खरी भीती.

पुढचा ३०० ते ४०० ल्युमेनचा पुरे. खाली, रस्त्याकडे झुकवून लावा. समोरच्याच्या डोळ्यात मारलात तर तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येतो.

कपड्यांचं : तो पोपटी फ्लोरोसंट रंग उन्हात झळकतो, रात्री त्याचा उपयोग शून्य. रात्री लागते ती गाडीच्या हेडलाइटचा उजेड परत फेकणारी राखाडी पट्टी. ती पाठीपेक्षा घोट्यांना बांधा. वर-खाली होणारी दोन ठिपकी दिसली की ड्रायव्हरला लगेच कळतं की पायडल मारणारा माणूस आहे. पाठीवरची पट्टी मैलाचा दगडही असू शकते.

वाईची_सायकलवाली
घोट्याच्या पट्टीला +१. शंभर-दीडशे रुपयांत मिळते आणि सलवार चेनमध्ये जायचीही थांबते.

बायकांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वाई ते पाचवड, दहा-अकरा किलोमीटर, शाळेला. चेनकव्हर नसलेली गिअरची सायकल घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात ओढणी मागच्या चाकात. गळ्याला गाठ नव्हती म्हणून वाचले. आता ओढणी पिशवीत, शाळेच्या दारात काढून घेते. साडी, ओढणी, रेनकोटची लोंबणारी दोरी, सॅकचे पट्टे, काहीही लोंबकळता कामा नये.

दुसरी गोष्ट आरसा. हँडलच्या उजव्या टोकाला बसतो, तीनेकशे रुपयांचा. मागून मोटारसायकलवरची पोरं जवळून जाऊन ओरडतात, हात मारायला बघतात. आरशात आधीच दिसली की मी त्यांच्याकडे वळून रोखून बघते. नव्वद टक्के वेळा तेवढ्यानेच सरळ होतात. पुरुष मंडळींना आरसा ट्रकसाठी, आम्हाला दोन्हीसाठी.

चहाटळ
नव्वद टक्के? ताई, उरलेल्या दहा टक्क्यांचं काय करता?

वाईची_सायकलवाली
पंप लोखंडी आहे.

कडेकडेने
मी तर सरळ उजव्या बाजूने चालवतो, समोरून येणारी गाडी दिसते तरी. पाठीमागून कोण उडवेल हे कसं कळणार? चालणाऱ्यांनाही तेच सांगतात की.

रात्रंदिन
कृपया हे करू नका. चालणाऱ्याचं वेगळं, तो ताशी पाच किलोमीटरने जातो आणि एक पाऊल बाजूला टाकू शकतो.

हिशेब बघा. तुम्ही १८ ने चाललाय, गाडी ६० ने. मागून येत असेल तर ती तुमच्याकडे ४२ च्या वेगाने सरकते. समोरून येत असेल तर ७८ च्या. १०० मीटरवरून तिला तुम्ही दिसलात, तर मागून येणाऱ्याला साडेआठ सेकंद मिळतात, समोरून येणाऱ्याला साडेचार. आणि गल्लीतून हायवेला लागणारा माणूस फक्त उजवीकडे बघून गाडी काढतो. तुम्ही त्याच्या डावीकडून येताय. त्याच्या लेखी तुम्ही नाहीच.

पेडलपंत
शिवाय अगदी कडेलाही चिकटू नका. डांबराची कड तुटलेली असते, खाली अर्धा फूट मातीची पायरी. मागून हॉर्न वाजला, घाबरून अजून डावीकडे घेतलं की चाक खाली आणि आपण डाव्या नाहीतर उजव्या अंगावर. उजव्या अंगावर म्हणजे गाडीखाली. कडेपासून हात-दीड हात आत चालवा, म्हणजे वेळ आली तर डावीकडे सरकायला जागा राहते. हायवेला पांढऱ्या पट्टीच्या बाहेरचा पट्टा मोकळा असेल तर तो आपला. फक्त तिथे फुटलेल्या ट्रक टायरमधल्या बारीक तारा असतात, केसाएवढ्या. निम्मी पंक्चर त्यांचीच.

पोवई नाक्याला मी खालच्या भुयारी रस्त्याने जात नाही, वरच्या रस्त्यानेच जातो. दोन मिनिटं जास्त लागतात.

पंक्चरसम्राट
त्या तारांबद्दल अगदी बरोबर. पंक्चर काढताना लोक ट्यूब बदलतात आणि तार टायरमध्येच राहते, दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स. टायरच्या आतून बोट फिरवा, हळू, नाहीतर बोटात जाईल. बाभळीचा काटाही तसाच आत मोडून बसतो.

आणि व्हॉल्व्ह तीन प्रकारचे असतात हे टूरला निघायच्या आधी समजून घ्या. जुन्या सायकलीचा रबरी नळीचा, मोटारसायकलसारखा जाड आणि बारीक दांडीचा प्रेस्टा. प्रेस्टा असेल तर पाटणला कुठल्याही पंपावर हवा मिळणार नाही. वीस-तीस रुपयांचं पितळी अ‍ॅडॅप्टर व्हॉल्व्हलाच फिरवून ठेवा.

उसाचं_टिपरू
राम राम. सगळं वाचलं. हायवे, ट्रक, पोरं, समदं लिवलं, पण आपल्या भागात रातच्याला खरा घोळ कशाचा असतो त्ये कुणीच लिवना. उसाच्या ट्रॉल्या.

पेडलपंत
लिहिणारच होतो, तुम्हीच विषय काढलात ते बरं झालं.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीचा महिना, रात्रीचे साडेनऊ. गावाकडून येत होतो, नाव नको. माझा पुढचा दिवा होता, पण चार्ज उतरलेला. समोर एक कार आली, तिच्या उजेडाने डोळे दिपले. ती गेली आणि पुढच्या दोन सेकंदांत मी उभ्या ट्रॉलीच्या मागच्या उसात. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ड्रायव्हर जॅक आणायला गेलेला. उसाची टोकं छातीत आणि चेहऱ्यावर. हेल्मेट पुढून फुटलं, गालाला सात टाके. चष्मा होता म्हणून डोळा राहिला. तेव्हापासून रात्री साध्या काचेचा चष्मा घातल्याशिवाय निघत नाही.

पण त्यानंतर आठ दिवसांनी त्याच जागी दुसऱ्याने मोटारसायकल घातली. ट्रॉली कधीच गेली होती. चाकाला लावलेले दोन दगड मात्र रस्त्यात तसेच.

उसाचं_टिपरू
पंत, वाईट वाटलं वाचून. माझ्या दोन ट्रॉल्या हायेत. बाजू घेत न्हाय, हाय ते सांगतो. रिफ्लेक्टर लावत न्हाय असं न्हाय, हंगामाच्या सुरवातीला लावतो. पण ऊस ट्रॉलीच्या भाईर दोन-दोन फूट लोंबतो, वाढ्यांखाली, म्हंजी शेंड्यांच्या पाल्याखाली, रिफ्लेक्टर झाकून जातो. उरल्यासुरल्याला चिखल. दोन ट्रॉल्या जोडल्याव मागच्या ट्रॉलीची वायर तुटली तर पुढं बसलेल्याला कळत बी न्हाय. दगडाचं म्हणाल तर ती आमची चूकच हाय, त्याला कारण न्हाय.

सायकलवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवा : ट्रॉली जोडीची असती. पुढची गेली म्हणून रस्ता मोकळा समजू नका, मागं दुसरी असती. आणि वळणावर ती आतून कापती, डाव्या बाजूला घुसू नका. चढाला ट्रॅक्टर उचलला तर मागं बी येतो, तवा मागं चिकटून सावलीत जायचा नाद नको.

कडेकडेने
मग लोंबणाऱ्या उसाच्या वरून लाल कापड तरी बांधा की.

उसाचं_टिपरू
कापड रातचं दिसतंय व्हय? वर रात्रंदिन सायबांनी लिवलंय की, उजेड परत फेकणारी पट्टी पायजे. औंदा ऊस भरल्याव वरनं आडवी दोरी बांधून तिला ती पट्टी शिवून लावायचं डोक्यात हाय. बघू.

रात्रंदिन
हे ज्याला सुचलं त्याला माझ्याकडून चहा. माणूसही वाचेल आणि पंतांचा गालही.

डाव्या_वळणाचा
अवांतर : कुत्र्यांबद्दल कोणी बोलेल का? करंज्याच्या बाजूला रात्री चार-पाच जण दबा धरून असतात. वेग वाढवला की जास्त चेकाळतात.

वाईची_सायकलवाली
वेग वाढवायचा नाही. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि जोरात "हाड!" पळणारी वस्तू थांबली की त्यांचा खेळ संपतो.

बोनसेटर
आणि चावलंच तर हळद, चुना, मिरची काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस. "घरचंच कुत्रं आहे, काही होत नाही" असं म्हणणारे मी बघितलेत.

शाहूपुरीचा_पाहुणा
बाप रे, केवढे प्रतिसाद! एक-एक उत्तर देतो म्हणत होतो, शक्य नाही. धन्यवाद. कुंभार्लीचं मात्र राहिलं. दुकानदार म्हणतो डिस्क ब्रेकशिवाय घाट उतरू नका. खरं का?

पंक्चरसम्राट
डिस्क चांगलाच. पावसात रिम भिजली की साधा ब्रेक पहिले एक-दोन फेरे नुसता घसरतो, डिस्क लगेच पकडतो. पण तुमच्या बजेटमध्ये जो येतो तो वायरवाला स्वस्त डिस्क. त्याची चकती (रोटर) जरा वाकली की दिवसभर किर्र किर्र, आणि पाटणपुढे ती सरळ करणारा भेटणार नाही. नीट जुळवलेला व्ही-ब्रेक (रिमला रबर दाबणारा साधा ब्रेक) आणि नवे रबर दिवाळीच्या कोरड्या घाटाला पुरतात. निघायच्या आधी रबरावरच्या खाचा बघा. खाचा गेल्या म्हणजे रबर गेलं.

पेडलपंत
मी दोन वेळा उतरलोय. रस्ता असा : सातारा, नागठाणे, काशीळ, उंब्रज, इथपर्यंत हायवे. उंब्रजला आत वळून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक. मग घाट, पोफळी, शिरगाव, चिपळूण. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात करता येतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने कोयनानगरला मुक्काम करावा. घाट सकाळी ताज्या हाताने उतरायचा, संध्याकाळी थकलेल्या हाताने नाही. बोटं दमली की ब्रेक दाबला जात नाही, हे कोणी सांगत नाही.

आपल्या बाजूने घाटाचा चढ नावाला, उतारच खरा. आणि तिथे चूक काय होते सांगतो. माणूस घाबरून दोन्ही ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवतो. रिम तापते, इतकी की हात लावला तर चटका बसेल, आणि आतली ट्यूब फुटू शकते. पहिल्या खेपेला माझ्या मित्राची फुटली, मागची होती म्हणून निभावलं. वळणाच्या आधी दाबा, वेग उतरवा, मग सोडून द्या, रिमला वारा खाऊ द्या. वळणाच्या आत ब्रेक नको. मुख्य जोर पुढच्या ब्रेकचा असतो, पण वजन मागे सरकवून, हळूहळू दाबायचा. निम्म्यावर थांबून चहा घ्या. रिमही थंड होते, हातही.

सामान सॅकमध्ये पाठीवर घेऊ नका. कॅरिअरला दोन्ही बाजूंना पिशव्या, जड वस्तू खाली. सगळं वजन मागे-वर बांधलं तर उताराला हँडल थरथरायला लागतं.

माहुलीचे_मास्तर
आधी कास करून पाहा म्हणावं. सातारा ७०० मीटरच्या आसपास, कासचं पठार १२०० च्या आसपास. पंचवीस किलोमीटर चढून गेलं की गिअर कळतात, उतरून आलं की ब्रेक कळतात. मात्र आता फुलांचा हंगाम, शनिवार-रविवार जाऊ नये. मोटारींची रांग आणि सेल्फीवाले. मंगळवार-बुधवार पहाटे जावं. यवतेश्वरला धुकं असलं तर दिवसाही दिवा लावावा.

(होय, दिवा म्हटलंय.)

चहाटळ
मास्तर फुटले! पुढच्या पानावर हेल्मेट घेणार बघा.

संपादक मंडळ
दोन प्रतिसाद उडवले आहेत. पुण्याच्या सायकल ट्रॅकवरचं भांडण त्या धाग्यावर करावं.

डाव्या_वळणाचा
जाता जाता : कोणी पुण्याला सायकलने जाणार असेल तर खंबाटकीचं लक्षात ठेवा. पुण्याहून येताना घाट चढायचा असतो, तो परवडला. साताऱ्याहून जाताना जुन्या बोगद्याने गेलात तर तो बोगदा आणि त्यानंतरचं ते एस वळण. बोगद्यात शिरताना बाहेरच्या उन्हातून आलेल्या ड्रायव्हरला काही क्षण काहीच दिसत नाही. मागचा दिवा दिवसाही चालू पाहिजे. मी तर बोगद्याआधी थांबून मोठ्या गाड्यांचा लोंढा जाऊ देतो आणि मग शिरतो.

शाहूपुरीचा_पाहुणा
तीन आठवड्यांनी परत आलो.

२३ हजारांची एमटीबी घेतली नाही. एकाने वर्षभर वापरून अंगणात ठेवलेली हायब्रिड साडेबारा हजारांना मिळाली. पुढे २८, मागे ३४, दाते मोजून घेतले, विकणारा माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. व्ही-ब्रेकचे चारी रबर नवे. कॅरिअरला भोकं आहेत. हेल्मेट, दोन मागचे दिवे, एक पुढचा, आरसा, घोट्याच्या पट्ट्या, पंप, किट, अ‍ॅडॅप्टर, कुलूप मिळून आठ हजारांच्या थोडं वर. पैसे उरले, पण घरी सांगितलेलं नाही.

पहिल्या सेकंड शिफ्टला घाबरत निघालो. गोडोलीजवळ मागून ट्रक आला, आरशात दिसला आणि माझ्यापासून बराच आधी उजवीकडे सरकला. इतका साधा प्रकार, पण सोळा वर्षं मोटारसायकलवर कुणी एवढी जागा दिली नव्हती. राजवाड्याच्या चढाला उतरून ढकलावी लागली. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्यावर, आता बसूनच येतो.

बुधवारी कास झालं. येताना मास्तर म्हणाले तसे ब्रेक कळले. तिसऱ्या वळणाला डावा हात आखडला, थांबलो, हात झाडले. पुढचा ब्रेक लिव्हर हँडलपासून लांब होता, जवळ घ्यायचा स्क्रू असतो हे पंक्चरसम्राटांना फोटो पाठवल्यावर कळलं. माझ्यासारख्या आखूड बोटांवाल्यांनी हे आधीच बघावं.

आता एकच प्रश्न : चिपळूणहून परत सायकल आणायची कशी? एसटीच्या टपावर टाकतात का?

पेडलपंत
टपाला कॅरिअर असलेल्या गाड्या कमी झाल्यात. गाडी रिकामी असेल तर कंडक्टर लगेजचं तिकीट फाडून मागच्या बाजूला ठेवू देतो, सगळं त्याच्या मर्जीवर. दिवाळीच्या गर्दीत तर विसराच. साताऱ्याकडे माल घेऊन येणारा टेम्पो चिपळूणात बघा. पुढचं चाक काढून घोंगडीत गुंडाळा, गिअरची बाजू वर ठेवा.

चहाटळ
किंवा मेव्हण्याला सायकलसकट तिकडेच सोडून या.

उसाचं_टिपरू
पाव्हणं, निघायची तारीख कळवा. तवर साखर कारखान्याचा बॉयलर पेटला असंल, आमच्या ट्रॉल्या उंब्रजच्या बाजूलाच असतील. दोरीला पट्टी शिवून घेतलीया, बायकोनं मशीनवर शिवली. मागनं येताना लांबनं दिसती का, आन् किती लांबनं, तेवढं मोजून सांगा.